हात्सुएबाईंची सात मिनिटं

हात्सुए निशिगाकी बाईंना आयुष्याकडून फक्त सात मिनिटं हवी होती. तीसुद्धा त्यांनी रीतसर अर्ज करून मागितली होती.

त्याचं असं की तोबिनेजिमा बेटावर, डोंगराच्या पोटात, काँक्रीटची एक खोली आहे. तिचं नाव ‘एकजण’. ती कलाकृती आहे. आत एका वेळी एकाच माणसाला सोडतात, दार बाहेरून बंद करतात आणि बरोबर सात मिनिटांनी उघडतात. फोटोला बंदी, त्यामुळे आत काय आहे ते बाहेर कुणालाच माहीत नाही. दर तीन वर्षांनी कला-उत्सव भरला की ती उघडते आणि शरदातला शेवटचा रविवार उलटला की पुन्हा तीन वर्षं कुलूप.

आत काय आहे याच्याशी हात्सुएबाईंना फारसं देणंघेणं नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. त्यांचा जीव अडकला होता तो त्या दारात. दुसऱ्या कुणी तरी, सरकारी शिक्क्यानिशी, आपल्यामागे दार लावून घ्यायचं आणि सात मिनिटं कुणालाही आत सोडायचं नाही! बावन्न वर्षांत हे सुख त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. दिवसभर ताकामात्सु शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्या बसायच्या. ती खिडकी बंद व्हायची तेव्हा घरचं दार उघडायचं. घरात नवरा आणि सासूबाई. रात्री त्या आंघोळीच्या टबात उतरल्या की दोन मिनिटांत सासूबाई दाराबाहेरून विचारायच्या, “पाणी गरम आहे ना गं?” पाणी गरमच असायचं. गेली सव्वीस वर्षं ते गरमच होतं.

खोलीचे पास सोडतीनं मिळायचे. जोडकार्ड पाठवायचं, अर्धं कार्ड उत्तर घेऊन परत यायचं. तीन वेळा ‘अत्यंत खेदपूर्वक’ परत आलं. चौथ्यांदा आलं ते असं: ‘शेवटचा रविवार, दुपारी २.५०. व्यक्ती: १. दोन पंचेचाळीसपर्यंत नोंद न केल्यास हक्क रद्द.’ हात्सुएबाईंनी ते कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं. तरी घरभर झालंच.

“एकटीच?” सासूबाई म्हणाल्या. “का गं, तेत्सुरोशी भांडलीस?”

“भांडले नाही, आई. खोलीच एकाची आहे.”

“मग मी बोटीत बसून राहीन,” त्यांचे यजमान तेत्सुरोसान म्हणाले. “बेटावर पाय ठेवणार नाही. तुला कळणारसुद्धा नाही मी आहे ते.” हे ते इतक्या मनापासून म्हणाले की नाही म्हणायला हात्सुएबाईंना दोन आठवडे लागले.

कचेरीतले साहेब वेगळ्याच चिंतेत. “निशिगाकीसान, एकट्या गेलात तर फोटो कोण काढणार? आणि फोटो नसला तर तुम्ही गेला होतात हे कशावरून?”

शेजारच्या उएमात्सुसाननी मात्र कळस केला. आदल्या संध्याकाळी कुंपणावरून मान काढून त्या म्हणाल्या, “बेटावर चाललीस आणि हात हलवत? कुणी काही दिलं तर उलट काय देशील? बिस्किटांचा एक चांगला डबा असू दे पिशवीत.”

“पण मी तिथं कुणालाच ओळखत नाही.”

“म्हणून तर! ओळखीच्याला उद्या देता येतं. अनोळखी माणसाला जागच्या जागी द्यावं लागतं.”

या युक्तिवादात खोट काढणं भल्याभल्यांना जमलं नसतं. हात्सुएबाईंनी मोठ्या दुकानातून, दुकानाच्याच चकचकीत कागदात बांधलेला, चोवीस बिस्किटांचा डबा आणला. पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ या डब्यात आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. हात्सुएबाईंनी ठेवलं नाही.

सकाळी नऊला बोट तोबिनेजिमाला लागली. समुद्र नितळ, हवा थंडगार, आणि सोबत कुणी नाही. हात्सुएबाई धक्क्यावर उतरल्या तेव्हा त्यांची मान नेहमीपेक्षा दोन बोटं वर होती. ती सायकलच्या दुकानापर्यंत टिकली.

विजेवर चालणाऱ्या सायकली संपल्या होत्या. दुकानदारानं त्याबद्दल अकरा वेळा माफी मागून साध्या सायकलीचा फॉर्म पुढं केला. पहिली ओळ ‘गटप्रमुखाचे नाव’. दुसरी ‘गटातील सदस्य’.

“मी एकटीच आहे,” हात्सुएबाई म्हणाल्या.

“हो हो, अगदी बरोबर. म्हणजे गटप्रमुख आपणच.”

“पण गटच नाहीये.”

“गट नसला तर गटप्रमुख लिहिता येत नाही,” दुकानदार खाली वाकत म्हणाला, “आणि गटप्रमुख नसला तर सायकल देता येत नाही. माफ करा हं.”

शेवटी हात्सुएबाईंनी पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीतही तेच लिहिलं. दुकानदारानं फॉर्म दोनदा वाचला. “दोघींचा फोन नंबर एकच दिसतोय.”

“आमचं बरंच जवळचं नातं आहे,” हात्सुएबाई म्हणाल्या.

त्याचं समाधान झालं. तो आत गेला आणि दोन सायकली घेऊन बाहेर आला. त्यातली एक परत करायला आणखी एक फॉर्म लागला.

बेटावरची शाळा मुलंच न उरल्यामुळं बंद पडलेली. तिच्या सभागृहात काचेचे चारशे तरंगगोळे छताला टांगून ठेवले होते. मासेमारीच्या जाळ्याला बांधतात तसले, हिरवट, जुने. वारा आला की सगळे मिळून हलायचे आणि जमिनीवर उजेडाच्या लाटा फिरायच्या. हात्सुएबाईंचा श्वास थबकला. त्या क्षणी मागून आवाज आला, “एकट्याच? फोटो काढू का तुमचा?” दहा मिनिटांत सात जणांनी विचारलं. हात्सुएबाई सातही वेळा दोन बोटं वर करून हसल्या. उजेडाच्या लाटा पाहायच्या राहूनच गेल्या. पण त्या मनात म्हणाल्या, असू दे. आपली सात मिनिटं पुढं आहेत.

पावणेअकराला त्या डोंगराकडं निघाल्या. अवघा पाव तासाचा रस्ता. मध्ये घरांची एक अरुंद गल्ली लागली आणि त्या गल्लीत, एका वळणावर, तिथंच राहणाऱ्या तोमेयो आजींची ढकलगाडी उलटली. डझन दीड डझन संत्री उतारावरून खाली सुटली.

आता संत्री चाललीत समुद्राला आणि आपण चाललोय कलेला, असं म्हणून पुढं जाणारी बाई निराळी. हात्सुएबाईंनी सायकल टेकवली आणि एकेक संत्रं गोळा करून दिलं. शेवटचं तर त्यांनी गुडघ्यावर बसून गटाराच्या जाळीतून उपसलं.

“किती गुणाची गं पोर!” आजी म्हणाल्या. वय ब्याऐंशी, पाठ काटकोनात वाकलेली, आवाज मात्र धक्क्यावर ऐकू जाईल असा. “थांब. रिकाम्या हातानं जायचं नाही.” आणि परसात जाऊन त्यांनी दोन मुळे उपटून आणले. पाल्यासकट, मातीसकट, प्रत्येक मुळा हात्सुएबाईंच्या हाताएवढा.

हात्सुएबाई तीनदा नको म्हणाल्या. चौथ्यांदा मुळे त्यांच्या कुशीत होते. मग उएमात्सुसानचं ते अजिंक्य तर्कशास्त्र आठवलं. हात पिशवीत गेला. डबा बाहेर आला.

दुकानाचा कागद पाहताच आजींचा चेहरा पांढरा पडला. “अगं बाई! या दुकानाचा? दोन मुळ्यांना? माझ्या मातीतल्या मुळ्यांना?” त्यांनी जोरात हाक मारली, “किनुए! ए किनुए! इकडं ये गं, घोटाळा झालाय!”

पलीकडच्या घरातून किनुए आजी आल्या. दोघींचं आडनाव एकच, हामागुचि. त्या बेटावर सगळेच हामागुचि. दोघींनी डब्याकडं आणि मुळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं, जसे डॉक्टर एक्स-रेकडं पाहतात.

“आठळ्याचं वाळवण देऊन टाक,” किनुए आजी म्हणाल्या. आठळा म्हणजे आठ पायांचा. त्यांच्या भाषेत वाळवलेला ऑक्टोपस. तो परसातल्या दोरीवर आठही पाय पसरून वाळत होता. “आणि माझ्याकडून भोपळा. मी इथं उभी असताना ही रिकामी गेली तर गाव मला नावं ठेवेल.”

“आजी, माझा पास आहे दोन पन्नासचा—”

“अगं, आत्ता कुठं अकरा वाजलेत! चहा घे.”

आजींच्या ओसरीवर चहा आला. पाठोपाठ लोणचं आलं, मग ऑक्टोपस घालून शिजवलेला भात आला. पोट भरलं तशा चौकश्या सुरू झाल्या.

“बरोबर कोण आहे तुझ्या?”

“कुणी नाही. एकटीच आलेय.”

दोघी आज्या थबकल्या. बावन्न वर्षांची बाई रविवारी एकटी बेटावर येते याचा त्या पिढीला माहीत असलेला अर्थ एकच होता. तोमेयो आजींनी हात्सुएबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. “कधी गेले?”

“कोण?”

“सांगवत नाही बिचारीला,” किनुए आजी हळूच म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. “माझे गेले तेव्हा मीसुद्धा कोण म्हणून विचारायची.”

या जागी कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आजी, माझा नवरा ठणठणीत आहे. हात्सुएबाईंनी तोंड उघडलंसुद्धा. पण किनुए आजींचा रुमाल ओला झाला होता. खरं सांगितलं तर त्यांचं रडणं वाया जाणार, त्यांना ओशाळल्यासारखं होणार! तक्रारींच्या खिडकीमागं सव्वीस वर्षं बसलेल्या माणसाला समोरच्याला ओशाळं करणं जमत नाही. हात्सुएबाईंनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. आज्यांना त्या शोकाकुल दिसल्या.

“ये,” तोमेयो आजी म्हणाल्या, “आमच्या देवघरात त्यांच्यासाठी एक उदबत्ती लाव. सगळे एकाच ठिकाणी जातात शेवटी.”

हात्सुएबाईंनी हामागुचि घराण्याच्या चार पिढ्यांच्या फोटोंसमोर गुडघे टेकले आणि जिवंत नवऱ्याच्या नावानं उदबत्ती लावली. हात जोडून त्या मनातल्या मनात तेत्सुरोसानची माफी मागत होत्या. बरोबर तेव्हा फोन वाजला. त्या शांत घरात तो असा वाजला की किनुए आजींच्या हातून कप निसटला.

“हात्सुए?” तेत्सुरोसानचा आवाज चांगलाच खणखणीत. “राखाडी मोजे कुठं आहेत?”

“तिसऱ्या खणात,” हात्सुएबाई कुजबुजल्या.

“पोचलीस ना? एकटी कंटाळली नाहीस ना? मी येऊ का दीडच्या बोटीनं?”

“नको!” म्हणून त्यांनी फोन बंद केला.

दोघी आज्यांनी एकमेकींकडं पाहिलं. मग तोमेयो आजी अत्यंत समजूतदारपणे म्हणाल्या, “दुसरं झालंय होय. चांगलं केलंस पोरी. मोजे शोधणारा मिळाला म्हणजे घर लागलं मार्गी.”

हात्सुएबाई त्या घरातून सुटल्या तेव्हा पावणेदोन वाजले होते. सायकलच्या पुढच्या टोपलीत दोन मुळे, त्यांचा पाला थेट नाकाशी. मागं दोरीनं बांधलेला भोपळा. पाठीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला ऑक्टोपस, आणि त्याचा एक पाय कागदातून बाहेर येऊन दर पेडलला त्यांच्या मानेवर थाप मारत होता, शाबासकी दिल्यासारखा. समोर चढ. हात्सुएबाईंचा आत्मसन्मान याआधीही अनेकदा दुखावला गेला होता, पण भाजीसकट कधी नाही.

चढाच्या पायथ्याशी भोपळा घसरला. मासेमारांच्या सोसायटीचं एक बंद गोदाम होतं, त्याच्या दारासमोरच्या सावलीत त्यांनी सायकल लावली आणि दोरी सोडून पुन्हा बांधायला घेतली. दोरीची गाठ सुटेना. दोन-तीन मिनिटं गेली असतील. वळून पाहतात तो मागं एक चष्मेवाला तरुण नकाशा घेऊन शिस्तीत उभा. त्याच्यामागं दोन बायका. त्यांच्यामागं आई-बाप आणि मुलगी. एक हात अंतर राखून, सरळ रेषेत.

बंद दारासमोर कुणी थांबलंय म्हणजे दार उघडणार, आणि उघडणार म्हणजे रांगेत उभं राहायला हवं. कला-उत्सवात असं प्रत्येकालाच वाटतं. हात्सुएबाई स्वतः तिथून जात असत्या तर त्याही उभ्या राहिल्या असत्या, भोपळ्यासकट.

“किती वेळ लागेल साधारण?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“मला… नक्की नाही सांगता येणार,” हात्सुएबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

गाठ सुटली, भोपळा बसला, पण आता निघणार कशा? रांगेतला पहिला माणूस निघून गेला तर मागच्या सतरा जणांनी काय समजायचं? एव्हाना सतरा झाले होते, आणि निळं जॅकेट घातलेले एक स्वयंसेवक काका धावत येऊन ‘रांगेचे टोक येथे’ अशी पाटी धरून शेवटी उभे राहिले होते. ज्या रांगेला पाटी आहे ती खोटी कशी असेल? घड्याळात दोन वाजून आठ मिनिटं.

शेवटी त्यांनी धीर केला. वळल्या, खाली वाकल्या. “माफ करा, खरं म्हणजे मी फक्त—”

“अगं पोरी! थांब!”

रस्त्यावरून तोमेयो आजी येत होत्या, म्हाताऱ्यांच्या विजेच्या चारचाकी खुर्चीवर, चालत्या माणसाच्या वेगानं, पण चेहऱ्यावर भाव असा की शर्यतीत पहिल्या आहेत. मांडीवर मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची, बरणी. “डबा उघडला! चोवीस बिस्किटं निघाली गं! चोवीस! मुळे, भोपळा, ऑक्टोपस धरूनही बसत नाही हिशेब. हे घे, घरचं मिसो आहे.”

“आजी, खरंच नको, मला उशीर—”

“काही बोलू नकोस. तुझं दुःख मला माहितेय.” आजी रांगेकडं वळल्या आणि धक्क्यावर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “बिचारीचा नवरा गेलाय हो! एकटी आलीये, त्याच्या आठवणी घेऊन!”

रांगेतून एक हुंकार उठला. चष्मेवाल्यानं टोपी काढली. “मनापासून सहवेदना,” तो खाली वाकून म्हणाला. हात्सुएबाईंनी रीतीप्रमाणं वाकून उत्तर दिलं. तो बाजूला सरकला, मागची बाई पुढं आली. “सहवेदना.” पुन्हा वाकणं. मग पुढचा. रांग आधीच लागलेली होती, त्यामुळं काम फार व्यवस्थित झालं. सतरा माणसं एकेक करून आली, आणि ‘रांगेचे टोक येथे’ म्हणणारे काका पाटी पोटाशी धरून अठरावे आले. हात्सुएबाई प्रत्येकापुढं वाकत होत्या, ऑक्टोपस प्रत्येक वेळी त्यांच्या डोक्यावरून पुढं येऊन समोरच्याला नमस्कार करत होता, आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं. घड्याळ दोन वाजून सव्वीस मिनिटं दाखवत होतं.

“रडून घे,” रांगेतली एक वयस्कर बाई म्हणाली.

त्यानंतरचा चढ त्यांनी कसा चढला हे त्यांनाही आठवत नाही. छाती फुटायची बाकी होती. मिसोची बरणी मुळ्यांच्या मध्ये कोंबली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती ठणकत होती. पण दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी हात्सुएबाई ‘एकजण’च्या फाटकासमोर उभ्या होत्या. झाडीत करडी भिंत. भिंतीत लोखंडी दार. दारावर काहीही लिहिलेलं नाही. इतकं सुंदर दार त्यांनी पाहिलं नव्हतं.

टेबलामागं ओगिनोसान नावाचे पोक्त स्वयंसेवक बसले होते. त्यांनी कार्ड तपासलं, शिक्का मारायला हात उचलला आणि तो हवेतच थांबला.

“हे मुळे?”

“माझेच. बाहेर ठेवते.”

“बाहेर म्हणजे आवारात.” त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. छत्री. पिशवी. पाळीव प्राणी. “भाजीपाल्याचं काही दिसत नाही. थांबा हं, माफ करा.” त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला. हात्सुएबाईंना एकच बाजू ऐकू येत होती. “मुळे… दोन… हो, पाल्यासकट… किडे? विचारतो. बाई, किडे आहेत का?… नाही म्हणतात… भोपळाही… नाही, तो अख्खा… आणि एक आठ पायांचा, पण वारलेला.”

दोन त्रेचाळीस. दोन चव्वेचाळीस. हात्सुएबाई हात जोडून उभ्या.

ठरलं ते असं: भाजी भिंतीबाहेर ठेवावी, पण पाहुण्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी सूचना लावावी. ओगिनोसाननी सुवाच्य अक्षरात कागदावर लिहिलं, ‘ही कलाकृती नाही’, आणि तो मुळ्यांना टेकवला. मग शिक्का बसला. ठप्प! दोन पंचेचाळीस. नोंद झाली. आता फक्त पाच मिनिटं, आणि मग ते दार.

हात्सुएबाई बाकावर टेकल्या. बाकावर एक जोडपं आधीच बसलं होतं, साठीतलं, ओसाकाचं. ते बोलण्यावरून कळत होतं, आणि बाई बोलतच होत्या. केस जांभळट, अंगात वाघाच्या तोंडाचा शर्ट.

“आम्हाला नाही मिळाला हो पास! सहा कार्डं टाकली मी, सहा! म्हटलं निदान दार तरी बघून जाऊ. यांचे गुडघे बघा, तरी चढले बिचारे. आता पुढच्या खेपेला तीन वर्षांनी. तोवर कोण जगतंय, कोण मरतंय! जाऊ दे. तुम्ही छान बघून या हं.”

आणि मग ते घडलं. त्याचा दोष हात्सुएबाईंना देता येणार नाही. दोष त्यांच्या तोंडाचा. ताकामात्सुच्या सभ्य घरात वाढलेलं तोंड अशा वाक्यानंतर आपोआप उघडतं. ते उघडलं आणि म्हणालं, “असं असेल तर… माझ्याऐवजी तुम्हीच जा ना.”

याचा अर्थ ‘तुम्ही जा’ असा होत नाही, हे ताकामात्सुतलं शेंबडं पोरही सांगेल. याचा अर्थ ‘तुमच्याबद्दल वाईट वाटलं’. यावर समोरच्यानं म्हणायचं, छे छे, भलतंच. आपण म्हणायचं, नाही, खरंच. समोरच्यानं म्हणायचं, अहो, काहीतरीच काय. आपण म्हणायचं, बरं मग, मीच जाते. याला संभाषण म्हणतात. यात कुणी कुठं जात नाही.

ओसाकाच्या बाई ताडकन उठल्या. “खरंच? अय्या! ऐकलंत का हो, जा म्हणतायत! देव भलं करो तुमचं!”

हात्सुएबाई हसत राहिल्या. चेहरा हसत होता. आतून कुणीतरी हात-पाय झाडत होतं. अजून एक आशा होती. त्यांनी ओगिनोसानकडं पाहिलं. आज दिवसभर नियम आडवे आले होते, मग आता का येणार नाहीत? “पण… पास दुसऱ्याला देता येत नसेल ना?”

ओगिनोसाननी पुस्तक चाळलं. त्यांचा चेहरा उजळला. “येतो! कलम नऊ. फक्त मूळ धारकाची सही लागते. इथं.”

हात्सुएबाईंनी सही केली. अक्षर छान आलं.

दोन पन्नासला लोखंडी दार उघडलं, वाघ आत गेला, दार लागलं. किती हळुवार आवाज झाला! मऊ. पक्का. बाहेरचं सगळं बाहेर ठेवणारा.

सात मिनिटं हात्सुएबाईंनी बाकावर काढली. नवरोबा त्यांना गुडघ्यांबद्दल सांगत होते. डाव्याचं ऑपरेशन झालंय, उजवा वाट बघतोय. हात्सुएबाई “अरेरे” आणि “हो का” म्हणत होत्या आणि स्वतःची समजूत घालत होत्या, आत काही नसेलच. रिकामी खोली असेल. ती बाहेर येईल आणि म्हणेल, एवढ्यासाठी चढवलं होय? मग आपणही म्हणू, बघा ना! आणि हसू. काही बिघडलं नाही.

दोन सत्तावन्नला दार उघडलं.

बाई बाहेर आल्या आणि काही बोलल्या नाहीत. एवढ्यावरूनच नवरोबा उठून उभे राहिले. बाई चार पावलं चालल्या, गवतात बसल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. तोंडावरचा सगळा गोंधळ कुणी धुऊन टाकावा तसा तो चेहरा झाला होता.

“एकतीस वर्षं झाली लग्नाला,” नवरोबा पुटपुटले. “अशी गप्प पहिल्यांदा बघतोय.”

हात्सुएबाई जवळ जाऊन गवतात गुडघ्यावर बसल्या. पाठीवरून हात फिरवला, कारण कुणीतरी फिरवायलाच हवा होता. “काय होतं आत?”

बाईंनी मान हलवली. “नाही सांगता येत.”

“सांगा.”

“ते स्वतःच—”

“सांगा!” हात्सुएबाईंचा आवाज त्यांच्या ओळखीचा राहिला नव्हता. “मला सगळं पाहिजे. परतीची बोट तीन चाळीसला आहे, वेळ आहे. आत गेलात. दार लागलं. मग? डावीकडं भिंत होती? तिच्यापासून सुरू करा. रंग कोणता? उजेड कुठून येत होता? खाली काय होतं? एकेक सांगा, काही गाळू नका.”

बाईंनी नाक पुसलं. हात्सुएबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत अजून ते काहीतरी चमकत होतं.

“दार लागलं ना,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि इतकं शांत झालं, इतकं शांत, की मी डोळेच मिटून घेतले. ते दार उघडल्यावरच उघडले.”

“सात मिनिटं?”

“सगळी.”

“भिंत नाही बघितली?”

“काहीच नाही हो बघितलं.”

“मग डोळे कशाला मिटलेत!” हात्सुए निशिगाकी ओरडल्या. पोटातून, दोन्ही मुठी आवळून, आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसावर. “कशाला मिटलेत डोळे? माझी होती ती! ती माझी सात मिनिटं होती!”

झाडीतून पाखरं उडाली. खाली गावात कुठंतरी कुत्रं भुंकलं. पुढच्या वेळेचा माणूस फाटकातच थबकला.

मग ओसाकाच्या बाई गवतातच कपाळ टेकेस्तोवर वाकल्या. त्यांचे नवरोबा, एका गुडघ्याला हात देत, वाकले. टेबलामागून उठून ओगिनोसान वाकले. फाटकातला माणूस, त्याचा काही संबंध नसताना, तोही वाकला. “माफ करा,” चौघे म्हणाले.

हात्सुएबाई उभ्या होत्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, मुठी अजून आवळलेल्या होत्या. चौघे वाकलेलेच. कुणी वर बघेना. समोर चार माणसं वाकलेली असताना आपण ताठ उभं राहायचं, हे किती वेळ जमणार?

सुमारे दहा सेकंद जमलं. मग त्या वाकल्या, चौघांपेक्षा जास्त खाली, आणि म्हणाल्या, “नाही नाही, चूक माझीच.”